सुटा बोंबील

पहिल्यांदा मी हिराजी नाखव्यांना पाहिलं तेव्हा ते भर उन्हात, एका मेलेल्या बोंबलाच्या तोंडात उजव्या हाताचं पहिलं बोट घालून उभे होते. मी ऑफिसला निघालो होतो. संध्याकाळी परत आलो तेव्हाही ते तिथेच, तसेच. सावली तेवढी दुसऱ्या बाजूला गेली होती.

मी सुमनला म्हटलं, "आपल्या शेजारी एक वेडा राहतो."

सुमन म्हणाली, "मी दुपारभर खिडकी लावून बसले आहे. मला काय सांगता?"

बोरीवलीला खाडीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या चाळीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. सदुसष्ट-अडुसष्टचा सुमार असेल. आठ खोल्यांची चाळ, आमची शेवटची. आमच्या खिडकीनंतर म्युनिसिपालिटीचा एक दिव्याचा खांब होता, तो बहुतेक वेळा विझलेलाच असे. त्याच्या पुढे हिराजी नाखव्यांची झोपडी, आणि त्यापुढे खाडीच्या चिखलापर्यंत नुसत्या वलांड्या. जाड बांबू रोवून त्यांच्यावर आडव्या दोऱ्या ताणतात आणि त्या दोऱ्यांवर बोंबील सुकत घालतात, त्याला वलांडी म्हणतात. आम्ही मालवणकडचे, सुके बोंबील लहानपणापासून खाल्लेले, पण ते ताटात. हजारो बोंबील एकदम तोंडं वासून आपल्या खिडकीकडे बघताहेत असा प्रसंग कधी आला नव्हता. ओले असताना ते पांढुरके, जवळजवळ आरपार दिसणारे. दोन दिवसांनी सुकले की वाऱ्यावर एकमेकांना घासून कुजबुज करायचे. सुमनला ती कुजबुज अजिबात सहन होत नसे. आमचं पहिलं मूल जन्मतःच गेलेलं. पावसाळी दिवस होते, गाडी वेळेवर मिळाली नव्हती, आम्ही इस्पितळात पोचलो ते उशिराच. तेव्हापासून तिला कुठलंही उघडं तोंड आणि त्यातून न येणारा आवाज नको वाटे. हे तिने मला एकदाच सांगितलं. मी खिडकीला जाड पडदा लावला.

पण शेजारी वेडा असला की माणसाला चैन पडत नाही. पुढच्या रविवारी मी गेलोच.

बोंबील टांगण्याची एक रीत आहे, ती मला त्या दिवशी कळली. ते सुटे टांगता येत नाहीत. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक या अंगाला, एक त्या अंगाला. एकमेकांच्या वजनावर ते तोलून राहतात. एकट्याला दोरीवर तोल नसतो. तो पडतो.

"मग शेवटी एक उरला तर?" मी विचारलं.

"सुटा रायला तर मी हाय ना," नाखवा म्हणाले, आणि दोरीवरून हात टाकून त्यांनी त्या दिवशीच्या सुट्या बोंबलाच्या तोंडात बोट अडकवलं. म्हणजे दोरीच्या या बाजूला हिराजी नाखवा आणि त्या बाजूला बोंबील, अशी ती जोडी झाली.

उंच, सुकलेला, काळा कुळकुळीत माणूस. पासष्टीच्या आसपासचा. मासेमारीचा मचवा विकून बरीच वर्षं झाली होती, पण मचवा गेला तरी नाखवा, म्हणजे मचव्याचा मालक, हे नाव गेलं नव्हतं. पाण्यात पाय घालत नसत. दुसऱ्यांचे मचवे येत, त्यांच्याकडून माल घ्यायचा आणि सुकवायचा, एवढाच धंदा. सकाळची सगळी जोडणी झाली की एक तर हिशेब बरोबर जोडीत सुटायचा, नाहीतर एक उरायचा. उरला की पुढच्या भरतीला मचवे येईपर्यंत नाखवा दोरीला. नव्या मालातला पहिला बोंबील त्याला जोडीदार म्हणून दिला की मग ते जेवायला मोकळे.

मी शिकलेला माणूस असल्यामुळे मला लगेच उपाय सुचू लागले.

"त्याला सुतळीने बांधून टाका की."

"फाशी देऊ क त्याला?"

"मग शेजारच्या वलांडीवरून एक मागून घ्या."

"तिकडचा इकडं आनला तर तिकडं एक सुटा होल ना."

"मग तळून खा. एक बोंबील तो काय."

यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो. "एकला परला म्हनून खाऊ?" ते म्हणाले.

चहाला बोलावलं तर येत नसत. "कसा येऊ? त्यानं धरलाय ना." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाऊस आला, निवडणुकीवाले आले, खुद्द त्यांचा चुलतभाऊ चारकोपहून लग्नाचं आमंत्रण घेऊन आला, सगळ्यांना एकच उत्तर. "कसा येऊ? त्यानं धरलाय ना." चाळीतल्या बायका एकमेकींना विचारायच्या, आज नाखवा जोडीत की सुटे? सुटे असले की कुणी नवं काम काढत नसे. मी हसत असे, पण सुटा असलेल्या दिवशी साहेबांकडे रजेचा अर्ज मात्र मीही करत नव्हतो.

एकदा ते मला म्हणाले, "घाल बोट."

मी घातलं. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. बोंबलाचे दात बारीक, केसासारखे आणि आत वळलेले असतात. बोट आत जातं सहज, बाहेर काढताना ते लागतात. आत गार होतं. मी उभा राहिलो. आणि थोड्या वेळाने, शपथेवर सांगतो, ते तोंड किंचित आवळलं.

"आवळला ना?" नाखवा हळूच म्हणाले.

मी बोट झटकन काढलं. सालटं निघालं. ऊन लागलं की मांस आखडतं, त्यात काय, असं मी स्वतःला घरी येईपर्यंत समजावत होतो. नाखव्यांना मात्र माझं बोट झटकणं आवडलं नव्हतं. पुढचे चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

आता हाताची गोष्ट सांगतो. ताजा बोंबील अंधारात उजळतो. खाडीवरच्या लोकांना हे ठाऊक असतं, आम्हाला नव्हतं. नाखव्यांच्या झोपडीला खिडकी नव्हती. एकदा दुपारी मी आत डोकावलो आणि दाराची फळी मागून लागली, तर कोपऱ्यात जमिनीवर निळसर उजेडाचा एक ढीग पडलेला. त्या उजेडाने आजूबाजूचं काहीच दिसत नव्हतं, तो उजेडच तेवढा दिसत होता. ढिगाजवळ पाच बोटं हलत होती. माणूस नाही, नुसती बोटं. मी ओरडलो तर त्या बोटांनी दार उघडलं, आणि मागे नाखवा निघाले.

माशाचा चिकट रस हाताला लागला की हातही उजळतो. दिवेलागणीनंतर नाखवा बांधावरून येऊ लागले की लांबून दोन हातच यायचे. चाळीत नवा भाडेकरू आला की आठवड्याच्या आत तो मालकाला सांगायचा, इथे हात चालतो. पोरं जेवली नाहीत तर आया "हात येईल" म्हणायच्या. ओले हात घेऊन ते रस्त्याने जाऊ लागले की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत. नाखव्यांच्या कानावर हे सगळं होतं. ते हात धूत नसत.

मी फोर्टात एका निर्यात करणाऱ्या पेढीत टायपिस्ट होतो. सुके बोंबील परदेशी जायचे, आणि कागदावर मी त्यांना 'बॉम्बे डक' असं टाइप करायचो. साहेबाच्या भाषेत बोंबील म्हणजे मुंबईचं बदक. का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याला पाय नाहीत, पंख नाहीत, तो पाण्यावर तरंगतही नाही. एकदा तिकडच्या एका नव्या गिऱ्हाइकाचं रागावलेलं पत्र आलं. आम्ही बदकं मागवली होती, तुम्ही वास मारणाऱ्या काटक्या पाठवल्यात. पेढीत आम्ही पोट धरून हसलो. ते पत्र मी नाखव्यांना तोंडपाठ म्हणून दाखवलं.

ते हसले नाहीत. त्या दिवशी ते दोरीलाच होते. बोट तसंच ठेवून म्हणाले, "मग त्यांनी क केला? ठेवला क फेकला?"

"कुणाला माहीत? फेकला असेल."

"फेकू नये," नाखवा म्हणाले. "दुसऱ्या कुनाला शोधाया हात घातला आनि हा आयला, तर त्याचा क गुना? फेकू नये रं."

एवढ्या गंमतीच्या गोष्टीवर कुणी डोळ्यांत पाणी आणतं का, असं मला वाटलं. वेड्यांच्या नादी लागू नये असं ठरवून मी घरी आलो.

मग एकाहत्तर सालची लढाई आली, आणि तिच्याबरोबर ब्लॅकआउट. संध्याकाळी भोंगा झाला की सगळी मुंबई काळी. आम्ही काचांना काळे कागद लावले. स्वयंसेवक शिट्ट्या मारत फिरायचे आणि बिडी पेटवली तरी आरडाओरडा करायचे. मचव्यांवर बंदी आली, कधी सोडत, कधी नाही. सुमनला नववा महिना होता.

त्या दिवशी पहाटेच्या भरतीला मचवे आले आणि नंतर बंदी झाली. नाखव्यांचा एक बोंबील उरला. दुपारची भरती मोकळी गेली. मी संध्याकाळी आलो तेव्हा ते दोरीला होते, ओठ सुकलेले. मी तांब्याने त्यांच्या तोंडात पाणी घातलं.

"आज जोडीदार येत नाही, नाखवा. सोडा त्याला."

"कसा सोडू? त्यानं धरलाय ना."

भोंगा झाला. मी घरात गेलो तर सुमन भिंतीला धरून उभी होती. कळा सुरू झाल्या होत्या.

आमच्या चाळीपासून स्टेशनजवळच्या प्रसूतिगृहापर्यंत मैलभर बांध होता. एका अंगाला मिठागराचं पाणी, दुसऱ्या अंगाला खाडीचा चिखल, ज्यात माणूस मांडीपर्यंत जातो. अंधारा पंधरवडा. कंदील लावायची सोय नाही, टांगा या बाजूला यायला तयार नाही. मी सुमनला धरून दाराबाहेर आणलं आणि उभा राहिलो. माझेच पाय मला दिसत नव्हते. मला वाटलं, झालं, पुन्हा तसंच होणार. मी लाज सोडून सांगतो, मला रडू फुटलं.

सुमन म्हणाली, "माका चलूक जमाचा नाय ओ. काय दिसना नाय."

मी वलांड्यांच्या दिशेने हाक मारली. "नाखवा, हिला न्यायचं आहे. बांध दिसत नाही."

दोन पावलांवरच्या अंधारात त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांचं नेहमीचं वाक्य येईल म्हणून मी वाट बघत राहिलो. हजारभर बोंबील आमच्या भोवती कुजबुजत होते. मग नाखवा कुणाशी तरी अगदी हळू बोलले. "येतंव रं. इथंच ऱ्हा." आणि पोत्यावर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला.

ते झोपडीत गेले. डोकी चेपलेले, टांगता न येणारे बोंबील तिथे ओल्या गोणपाटाखाली असत. बाहेर आले ते दोन हात. मनगटांपर्यंत उजळलेले.

"मागं बघू नको, बाय," ते सुमनला म्हणाले. "माझ्या हातांवर नजर ठेव. हात जातील तिकडं पाय टाक."

त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि ते पुढे चालू लागले. माणूस दिसतच नव्हता. अंधारात कमरेएवढ्या उंचीवर दहा निळसर बोटं तरंगत होती, आणि त्यांच्यामागे आम्ही दोघं. ज्या बोंबलांच्या भीतीने सुमन चार वर्षं पडदा लावून बसली होती, त्यांच्याच उजेडावर तिने आता डोळे लावले होते. कळ आली की ती थांबायची, हातही थांबायचे. तिने पाऊल उचललं की हात पुढे सरकायचे. त्यांना मागचं कसं कळत होतं देव जाणे. डाव्या बाजूला चिखलात काहीतरी बुडबुडत होतं. मधूनच ते मान वळवून मागे बघत असावेत, कारण तेवढ्यापुरते हात जरा वाकडे होत. आमच्याकडे बघत नव्हते. मागच्या अंधारात एक बोंबील पोत्यावर एकटा पडला होता.

अर्ध्या बांधावर समोरून शिट्टी वाजली.

"कोण आहे? बॅटरी विझवा."

"बॅटरी नाय. हात हाय," नाखवा म्हणाले.

समोरची पावलं मागे सरकल्याचा आवाज आला. मग तो स्वयंसेवक बारीक आवाजात म्हणाला, "मग हात विझवा."

"विजत नाय. बोंबलाचा हाय."

शिट्टीवाल्याची पावलं फार झपाट्याने लांब गेली. आणि कळा येत असताना, त्या भयाण बांधावर, सुमन हसली. मी आजवर इतका सुंदर आवाज ऐकलेला नाही.

आम्ही वेळेवर पोचलो. नाखवा पायरीवरूनच वळले. तासाभरात मुलगा झाला आणि तो रडला. मोठ्याने, संपूर्ण ब्लॅकआउट मोडून काढेल इतक्या मोठ्याने रडला.

सकाळी मी पेढे घेऊन धावत वलांड्यांवर गेलो. हिराजी नाखवा दोरीला उभे होते, पलीकडे तोच बोंबील. त्याचं तोंड रात्रभरात वाळून उघडंच राहिलं होतं. त्यांचं बोट त्यात आता सैल बसत होतं.

"मुलगा झाला. चला बघायला. सुमनने बोलावलं आहे."

"कसा येऊ?" पुढचे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. "रातीला मी त्याला एकला टाकला रं," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, दोरीकडे बघत. त्यांचा एक धाकटा भाऊ होता, धाकल्याच म्हणायचे त्याला. दोघंच मचव्यावर, डोल म्हणजे बोंबलाचं जाळं ओढत होते. भरतीचं जाळं जड झालं, धाकल्या तोल जाऊन पाण्यात गेला. कंदील त्याच्याबरोबरच गेला. काळोख. "तवा पान्यात उजेर दिसला. पांढरा, हाताएवढा. मना वाटला त्याचाच हात. मी वाकून हात घातला, तर बोट धरला कुनीतरी. घट्ट. मिलला, मिलला करून मी वढला." त्यांनी बोट किंचित आत सारलं. "बोंबील व्हता. मी शिवी देऊन झटकला. झटकायच्या नादात हात पान्याभायेर गेला ना माजा. परत घातला तवा कोन नाय आयला."

वारा पडला होता. बोंबील गप्प होते. मला ते पत्र आठवलं, आणि मी पोट धरून हसलो होतो तेही आठवलं, आणि स्वतःची फार लाज वाटली.

मी चप्पल काढली आणि दोरीच्या त्यांच्या बाजूला उभा राहिलो. "मी धरतो," मी म्हटलं. "तुम्ही जाऊन या."

"झटकशील."

"नाही झटकणार."

त्यांनी बोट काढलं, मी घातलं. ते हात धुवायला पहिल्यांदाच नळावर गेले. तिथेच ते पाच मिनिटं खसखसून घासत होते. मग निघाले.

तासाभरात येतो म्हणून गेलेला माणूस सूर्य डोक्यावर आला तरी परतला नाही. बांधावरून जाणारे येणारे माझ्याकडे बघत होते. एक नवीन जोडपं चाललं होतं, त्यातला नवरा बायकोला हळूच काहीतरी म्हणाला आणि तिने पदर तोंडाला लावला. हात भरून आला होता. माशी नाकावर बसली होती. पण मी बोट हलवलं नाही. वाळलेलं तोंड कसलं आवळणार, तरीही आवळल्यासारखं वाटायचं, आणि आता त्याची भीती वाटत नव्हती.

तिकडे काय झालं ते सुमनने मला नंतर सांगितलं. नाखवा खाटेपासून हातभर लांब उभे होते, जवळ येईनात. तिनेच म्हटलं, नाखवा, बाळाला हात लावा, तुमच्यामुळे आला तो. त्यांनी वाकून उजव्या हाताचं बोट पुढे केलं आणि त्या एवढ्याशा मुठीने ते धरलं. सगळीच तान्ही पोरं धरतात. नाखव्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. ते तसेच वाकलेले राहिले. बाळ झोपलं, मूठ सुटेना. नर्स येऊन म्हणाली, आजोबा, भेटायची वेळ संपली, तर हा माणूस हलेना. तिने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा रागावली.

"कसा येऊ?" नाखवा तिला म्हणाले. "त्यानं धरलाय ना."

दोन तासांनी बाळाने आपण होऊन मूठ सोडली, तेव्हा ते निघाले.

ते वलांडीवर आले. "तू जा आता, जेव," एवढंच म्हणाले. मचव्यांची बंदी अजून उठायची होती. ते दोरीपाशी आले आणि त्यांनी बोंबलाच्या तोंडात बोट घातलं, पण या खेपेला डाव्या हाताचं. उजव्या हाताची मूठ त्यांनी छातीशी घट्ट मिटून धरली होती, आणि ती ते उघडत नव्हते.